व्यसन सुटलं, पण 'मी वाया गेलेलाच' हे मनातून जात नाही, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. धाकटा भाऊ हेरॉईनच्या व्यसनातून बाहेर पडून जवळपास वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत, लघवीच्या तपासण्या स्वच्छ येतात. तरी तो खोलीबाहेर पडत नाही, शाळेतल्या चांगल्या मित्रांचेही फोन उचलत नाही, नोकरीचा अर्ज अर्धा भरून सोडतो आणि काही म्हटलं की 'माझ्यासारख्या गर्दुल्ल्याला कोण ठेवणार' एवढं बोलून विषय संपवतो. घरच्यांना वाटतं, लाज वाटतेय म्हणजे चूक उमगली आहे आणि हीच लाज त्याला पुन्हा नशेकडे जाऊ देणार नाही, म्हणून सगळे गप्प आहेत. हे बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय मुलाखतीत मधल्या रिकाम्या वर्षांचं काय सांगायचं, हेही.

मी बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. घर बोलतं लाजेबद्दल, पण खरा प्रश्न तो नसतो. व्यसनी माणसाबद्दल समाजाने जो निकाल आधीच देऊन ठेवलाय, तो या मुलाने स्वतःवर सही करून घेतलाय. आता बाहेरून कुणी हिणवायची गरज उरलेली नाही, ते काम तो स्वतःच करतो. अशी लाज माणसाला नशेपासून वाचवत नाही. बऱ्याचदा उलटंच होतं. त्यामुळे गप्प राहणं मला पटत नाही. पण दुसऱ्या टोकाला जाऊन रोज 'झालं गेलं विसर, तू किती चांगला आहेस' असं सांगत बसण्याचाही फारसा उपयोग होत नाही. असं का, ते पुढे सांगते.

आधी एक खुलासा. भावाला न भेटता काही गोष्टी मला ठरवता येणार नाहीत. घरात कोंडून घेणं बाहेरून एकसारखंच दिसतं, पण त्यामागे निदान तीन वेगळी कारणं असू शकतात. जुनी टोळी भेटेल म्हणून तो मुद्दाम काही रस्ते, काही माणसं टाळत असेल तर ते शहाणपण आहे, त्याला हात लावू नका. दुसरी शक्यता नैराश्याची. हेरॉईनसारखे अफूजन्य पदार्थ सुटल्यावर कित्येक महिने कशातच गोडी न वाटणं, झोप विस्कटणं, थकवा राहणं हे होतं, आणि त्याखाली खरं नैराश्यही दडलेलं असू शकतं. तिसरी शक्यता तुम्ही वर्णन केलेल्या लाजेची. ओळखायची माझी साधी रीत अशी: कुणी बघत नसताना तो कसा असतो ते पाहा. एकटा असताना गाणी ऐकतो, मॅच रंगून बघतो, काहीतरी दुरुस्त करत बसतो, आणि कुणाच्या नजरेसमोर जायची वेळ आली की मात्र गोठतो, तर तिथे कलंकाचा, म्हणजे समाजाच्या त्या निकालाचा, हात मोठा आहे. एकटा असतानाही कशातच मन नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना हे स्पष्ट सांगा. दोन्ही एकत्र असणं तर अगदी नेहमीचं. आणि 'मी नसलेलंच बरं' अशा अर्थाचं काही तो बोलला, तर माझं उत्तर पुढे वाचत बसू नका. त्याला थेट विचारा की जीव द्यायचा विचार येतो का, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही.

आता हा निकाल आत शिरतो कसा? समाजशास्त्रज्ञ ब्रूस लिंक यांनी 1980 च्या दशकात मानसिक आजारांच्या संदर्भात मांडलेला विचार इथेही चपखल बसतो. नशा करणाऱ्यांबद्दल लोक काय बोलतात हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलेलो असतो: खोटारडे, चोर, विश्वास ठेवू नये असे, कधीच न सुधारणारे. तुमच्या भावानेही ते ऐकलेलं आहे, कदाचित कधीकाळी दुसऱ्या कुणाबद्दल बोललेलंही आहे. मग एक दिवस त्या रांगेत तो स्वतः येऊन उभा राहतो, आणि आयुष्यभर साठवलेली ती सगळी मतं आपोआप त्याच्यावर येऊन पडतात. त्यासाठी कुणी अपमान करावाच लागतो असं नाही. आणि ही मतं सौम्यही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचा 14 देशांतला एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळ्या 18 अवस्थांबद्दल समाजात किती नापसंती आहे ते तपासलं होतं, आणि अमली पदार्थांचं व्यसन त्या यादीत अगदी वरच्या टोकाला होतं.

मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन यांनी या प्रवासाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. लोक काय समजतात हे माहीत असणं, मग ते खरंच आहे असं वाटणं, मग 'म्हणजे मीही तसाच' असं स्वतःला लावून घेणं, आणि त्यातून होणारं नुकसान. प्रत्येक जण शेवटपर्यंत जातोच असं नाही. काही जण दुसऱ्याच पायरीवर अडतात आणि म्हणतात, लोक काहीही बोलोत, मला ते मान्य नाही. त्यांना राग येतो, ते भांडतात, केंद्रात आमचं डोकं खातात. खरं सांगायचं तर अशा पेशंटची मला काळजी कमी वाटते. शांत, आज्ञाधारक, 'तुम्ही म्हणाल तसं मॅडम' म्हणणाऱ्यांकडे मी जास्त लक्ष ठेवते. घरच्यांना मात्र नेमका तोच सुधारलेला वाटतो.

स्वतःबद्दलच्या प्रतिमेचं यात काय होतं ते एका उदाहरणाने सांगते (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). एका तरुणाच्या घरी आईची पर्स दिवाणखान्यातल्या टेबलावर असायची. तो खोलीत आला की आई बोलता बोलता ती उचलून मांडीवर घ्यायची, टीव्हीवरची नजरही न हलवता. ती चिडलेली नसायची, आपण असं करतोय हे तिच्या लक्षातही येत नसे. पूर्वी पैसे गेले होते, हाताला सवय लागली होती. तो मला म्हणाला, 'आता मी आत जायच्या आधी दाराशी खोकतो. म्हणजे तिला पर्स उचलायला वेळ मिळतो.'

त्याने चोरी सोडून बराच काळ लोटला होता. पण आईची शंका त्याने स्वतःच्या वागण्यात बसवून घेतली होती, तिची सोय करून देत होता. आता तो वर्षभर एक पैसाही न उचलता राहिला तरी त्या घरात त्याचा काहीच पुरावा तयार होणार नव्हता, कारण पर्स टेबलावर राहून पैसे सुरक्षित राहिले असं कधी घडणारच नव्हतं. आईची खात्री पटायला संधी नाही आणि त्याचीही नाही.

अशा माणसाच्या मनात दोन वेगळ्या गोष्टी खचतात. 'माझी काही किंमत आहे' ही एक आणि 'मला हे जमेल' ही दुसरी. दुसरी खचली की रोजचा व्यवहारच थांबतो. कॉरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला 'कशाला प्रयत्न करायचा' परिणाम म्हटलंय: माझ्यासारख्याला नोकरी मिळणार नाही, मग अर्ज कशाला भरू? घरच्यांना हा आळस वाटतो. तुमच्या भावाचा अर्धवट अर्ज पुन्हा एकदा पाहा, तो नेमका कुठे थांबलाय ते बघा. माझा अंदाज आहे की 'मागील कामाचा अनुभव' किंवा 'ओळखीच्या दोन व्यक्तींची नावं' अशा रकान्यापाशी. नाव, पत्ता, शिक्षण भराभर भरलं जातं, आणि आपल्याबद्दल दुसरा कुणी चांगलं बोलेल का, असा प्रश्न आला की पेन थांबतं.

भूतकाळही नव्याने लिहिला जातो. नशेच्या आधीची पंधरा-वीस वर्षं, अभ्यास, खेळ, कुणाला केलेली मदत, हे सगळं 'तेव्हा लोकांना माझं खरं रूप माहीत नव्हतं' या खात्यात जमा होतं. कौतुक याच कारणाने आत पोचत नाही. तुम्ही 'तू चांगला आहेस' म्हणता तेव्हा तो मनात म्हणतो, हिला सगळं कुठे माहीत आहे. जितकं कौतुक जास्त, तितकी आपण उघडे पडू ही भीती जास्त.

लोकांत वावरण्यावर याचा परिणाम कसा होतो हे आता वेगळं सांगायला नको, पण एक साखळी लक्षात घ्या. नकार मिळणारच अशी खात्री असलेला माणूस नकार मिळायच्या आधीच निघून जातो. फोन उचलत नाही. चार वेळा फोन करून मित्र थांबतो. मग 'बघा, कुणालाच मी नको' हे सिद्ध होतं. भेटलाच, तर निम्मं लक्ष काय लपवायचं यात गुंतलेलं असतं, त्यामुळे बोलणं तुटक होतं आणि समोरच्याला तो शिष्ट वाटतो. प्लॅस्टर काढल्यावर हात आखडलेला असतो तशी माणसांत मिसळायची सवयही आखडते, आणि तो आखडलेपणा त्याला स्वतःच्या नालायकीचा पुरावा वाटतो. शेवटी जिथे काहीच लपवावं लागत नाही अशी जागा एकच उरते: जुनी टोळी. नशेच्या ओढीने परत गेलेले पेशंट मी पाहिलेत, तसे निव्वळ 'तिथे कुणी माझ्याकडे तसं बघत नाही' म्हणून परत गेलेलेही पाहिलेत.

म्हणून लाज त्याला सांभाळेल या भरवशावर राहू नका. इथे दोन भावना वेगळ्या काढाव्या लागतात. 'मी वाईट वागलो' ही अपराधाची भावना, आणि 'मी माणूसच वाईट' ही शरम. पहिलीतून काहीतरी करता येतं: माफी मागता येते, पैसे फेडता येतात, वागणं बदलता येतं. दुसरीत करण्यासारखं काही नसतं, फक्त तोंड लपवता येतं. आणि तोंड लपवायला नशेइतकी हाताशी असलेली सोय त्याच्या ओळखीची दुसरी नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या रँडल्स आणि ट्रेसी यांच्या अभ्यासात, दारू सोडून सहा महिनेही न झालेल्या लोकांना शेवटच्या वाईट पिण्याबद्दल बोलायला सांगून त्याचं चित्रीकरण केलं होतं. बोलताना ज्यांचे खांदे पडत होते, छाती आत जात होती, म्हणजे शरीरातून शरम दिसत होती, ते पुढच्या काही महिन्यांत पुन्हा पिण्याची शक्यता जास्त निघाली, आणि प्यायले तर जास्त प्यायले.

आमच्या कामात रोज दिसणारी गोष्टही याला धरूनच आहे. वर्षभराच्या संयमानंतर एखादी स्लिप झाली, म्हणजे एखाद्या वेळी पुन्हा नशा केली, तर ज्याच्या मनात अपराधाची भावना आहे तो दुसऱ्या दिवशी फोन करतो. ज्याच्या मनात शरम आहे तो म्हणतो, 'शेवटी मी आहे तोच आहे', आणि मग थांबायचं कारणच उरत नाही. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी 1980 च्या दशकात हे नीट मांडलंय: एका घसरणीचं पूर्ण रिलॅप्समध्ये, म्हणजे पुन्हा पूर्ण व्यसनात, रूपांतर होण्यात, त्या घसरणीचा माणूस काय अर्थ लावतो याचा मोठा वाटा असतो. हेरॉईनच्या बाबतीत याला जिवाचा धोका जोडलेला आहे. इतक्या काळानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, जुनाच डोस प्राणघातक ठरू शकतो. औषधं मध्येच थांबवली असतील तर अधिकच. आणि शरमेपोटी माणूस हे दार लावून, एकट्याने करतो, त्यामुळे वेळेवर कुणाला कळत नाही. घरात नॅलोक्सोन (हेरॉईनचा डोस जास्त झाल्यास त्याचा परिणाम उलटवणारं औषध) ठेवता येईल का, ते कसं द्यायचं, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मग शरम लवकरात लवकर घालवून टाकावी का? इथे थोडं थांबायला हवं. लुओमा आणि सहकाऱ्यांनी 2012 साली निवासी उपचार घेणाऱ्या लोकांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना नेहमीच्या कार्यक्रमात शरमेवर काम करणारी सहा तासांची गटसत्रं दिली. त्यात शरमेशी भांडायचं नाही, 'मी वाईट' हा विचार येतोय हे ओळखायचं आणि तो सोबत असतानाही आपल्याला महत्त्वाचं वाटतं ते करायचं, असा रोख होता. केंद्रात असेपर्यंत या गटाची शरम इतरांपेक्षा कमीच घटली. पण चार महिन्यांनी चित्र उलटलं: सुधारणा यांची जास्त टिकली, नशेचे दिवस कमी आणि उपचारांना हजेरी जास्त. उलट, उपचार चालू असताना ज्यांची शरम झपाट्याने उतरली होती त्यांच्यात पुढे नशा जास्त दिसली. माझा अर्थ असा: 'तुझं काही चुकलंच नाही' असं म्हणून भावना पुसून टाकणं आणि तिला हळूहळू पचवणं यात फरक आहे. पहिलं केंद्राच्या चार भिंतींत छान वाटतं, बाहेर टिकत नाही.

एवढ्यावरून घरी काय करायचं ते सांगते.

आत्मविश्वास आला की तो बाहेर पडेल, ही वाट बघू नका. क्रम उलटा असतो, आधी कृती आणि मग विश्वास. पण कृती अशी हवी की जिथे त्याची गरज आहे. त्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं काम तो लगेच ओळखतो. कुणाला तरी खरोखर लागणारं काम असावं, वेळेचं बंधन असावं आणि न केल्यास कुणाचं तरी अडावं: वडिलांना तपासणीला नेणं, भाचीचं गणित, घराची बिलं भरणं.

बिलं म्हटलं की पैसे आले, आणि तिथेच घरं अडतात. पैशांबद्दल भीती असेल तर ती उघड करा आणि नियम ठरवा: सध्या इतक्या रकमेपर्यंत त्याच्या हातात, हिशोब आठवड्यातून एकदा, तीन महिन्यांनी मर्यादा वाढवायची. 'आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे' म्हणायचं आणि कपाटाला गुपचूप कुलूप लावायचं, यापेक्षा उघड मर्यादा कितीतरी सन्मानाची. ती पाळून दाखवता येते. गुपचूप कुलपाला काही दाखवता येत नाही.

ज्यांचं नुकसान केलं त्यांच्याशी भरपाईचा काहीतरी हिशोब होऊ द्या, अगदी छोट्या हप्त्यांनी का होईना. 'राहू दे रे' म्हणून मोठेपणा दाखवू नका. त्याच्याकडे शरमेचं रूपांतर अपराधाच्या भावनेत करायचा हाच एक व्यवहारी मार्ग असतो, तो तुम्ही काढून घेता. मात्र ज्यांचे पैसे त्याच्याकडून येणं आहे त्यांच्यात नशा विकणारे असतील, तर त्याने एकट्याने तिकडे जायचं नाही. आधी समुपदेशकाशी बोला.

त्याच वाटेने गेलेल्या माणसांचा स्वमदत गट असेल तर तो लावा. तिथे त्याला पाच-दहा वर्षं सोबर असलेला, नोकरी-संसार करणारा माणूस दिसतो. माझ्या शंभर वाक्यांनी जे होत नाही ते त्या एका माणसाच्या बाजूला बसण्याने होतं. एक सावधगिरी: काही गटांत 'गोळी चालू म्हणजे अजून सुटलेला नाही' असं बोललं जातं. तुमचा भाऊ ब्युप्रेनॉर्फिनसारख्या, हेरॉईनची ओढ आवरणाऱ्या गोळीवर असेल तर हे वाक्य त्याला आतून पोखरेल, आणि शरमेपोटी गोळी परस्पर बंद करणं ही मी वर सांगितलेल्या धोक्याची सुरुवात असते. त्या गोळीने तो चालतो-बोलतो-काम करतो, हा उपचार आहे. गट तसा असेल तर गट बदला, गोळी नको.

'हा आजार आहे, तुझा दोष नाही' हे वाक्यही बेताने वापरा. दोषाचं ओझं त्याने उतरतं हे खरं, पण केवळ मेंदूचा बिघाड एवढंच सांगितलं तर 'म्हणजे मी असाच राहणार' अशी निराशा वाढते. मी रक्तदाबाच्या रांगेत बसवून सांगते. उपचारानंतर वर्षभरात 40 ते 60 टक्के लोक पुन्हा घसरतात, असं 2000 सालच्या मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांच्या आढाव्यात आहे, आणि रक्तदाब किंवा दमा असलेल्यांचा त्रास उलटण्याचं प्रमाणही त्याच घरात आहे. तिथे आपण औषध बदलतो, पथ्य पाहतो, पेशंटला नालायक ठरवत नाही. स्लिप झाली तर पहिला फोन कुणाला करायचा, हे आजच, सगळं ठीक असताना, लिहून ठेवा. त्या फोनला ओरडा मिळणार नाही हेही ठरवा आणि पाळा.

आता मुलाखत. कुणाला किती सांगायचं हा निर्णय त्याचा आहे, आणि तो 'सगळ्यांना सगळं' किंवा 'कुणालाच काही नाही' असा नसतो. खोटं बोलायचं नाही, पण अनोळखी माणसाला आजाराचं नाव सांगायची सक्तीही नाही. 'मधली दोन वर्षं तब्येतीच्या कारणाने काम बंद होतं. उपचार व्यवस्थित चालू आहेत आणि आता पूर्ण वेळ काम करू शकतो. या काळात मी अमुक शिकलो.' एवढं पुरतं. मात्र वाहन चालवणं, अवजड यंत्रं किंवा रुग्णसेवा अशा कामात वैद्यकीय माहितीचा फॉर्म असेल तर त्यात चालू औषधं लपवू नयेत. तिथे काय लिहायचं ते आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. मुलाखतीची वरची तीन वाक्यं त्याने मोठ्याने म्हणून बघायला हवीत, मनात म्हणून उपयोग नाही. पहिल्यांदा तुमच्यासमोर नको, गटातल्या कुणासमोर म्हणू दे, घरच्यांपुढे आवाज आणखी बसतो. आणि पहिली मुलाखत अशा ठिकाणची निवडा, जिथे नकार आला तरी त्याला फारसं वाईट वाटणार नाही.